नांदायला नकार

मैत्रिणींनो, सासरी नांदायला गेली नाही म्हणून बाईला तुरुंगात धाडायची शिक्षा आपल्या मुंबईत झाली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ती बाई म्हणजे डॉ. रखमाबाई. त्यांच्याबद्दल वाचताना मला त्यांच्या डॉक्टरकीपेक्षा त्यांच्या नकाराचंच जास्त नवल वाटतं.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. वडिलांची मालमत्ता मुलीच्या नावे झाली आणि अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी तिचं लग्न लागलं. जावयाने शिकावं अशी सासुरवाडीची इच्छा होती. ते काही झालं नाही, तो मामाकडे राहू लागला. रखमाबाई मात्र घरीच पुस्तकं मिळवून शिकल्या. नवऱ्याने बोलावलं तेव्हा त्यांनी साफ सांगितलं, येत नाही!

दादाजींनी १८८४ साली दावा ठोकला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. असा दावा मूळच्या हिंदू कायद्यात नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलाय, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे बघा, जे धर्म म्हणून सांगितलं जात होतं ते परदेशी निघालं! पण अपील झालं. १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम सुटला की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल.

केवढा गदारोळ उठला! केसरीने त्यांच्याविरुद्ध लिहिलं. टिळकांचं मोठेपण मी मानते, पण इथे ते चुकले असंच म्हणेन. रखमाबाई स्वतः ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध लिहीत होत्या. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमावरचा हक्क सोडला. एका बाईच्या सुटकेची किंमत!

पुढच्याच वर्षी त्या लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या. सुरत आणि नंतर राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी उभा जन्म काढला. पुन्हा लग्न केलं नाही. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा त्यांनी पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली म्हणे. का, ते त्यांनाच ठाऊक. मला ते कोडं आजही सुटलेलं नाही.

२५ सप्टेंबर १९५५ ला त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. बायकांना घटस्फोटाचा हक्क मिळाला, नवऱ्याला दुसरी बायको करायला बंदी आली. पण रखमाबाईंना छळणारा तो दावा कलम ९ म्हणून तसाच राहिला. कैदेची तरतूद १९२३ सालीच गेली होती, तरी हुकूम मोडला तर जप्ती येऊ शकते. बायकोही हा दावा लावू शकते, हे खरं. पण हुकूम झाला तर राहत्या घरातून उठून दुसऱ्याच्या घरी जायचं असतं कुणाला, ते तुम्हीच सांगा. आंध्रच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम रद्द ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ते कायम केलं.

ख्रिश्चन, पारशी आणि नोंदणी विवाहाच्या कायद्यांतही असंच कलम आहे. मुस्लिम नवरा-बायकोचे असे दावेही कोर्ट ऐकतं. वारसा, पोटगी, घटस्फोट सगळं वेगवेगळं, पण इथे मात्र सगळे धर्म एक! समान नागरी कायदा हवा की नको, यावर घरोघर वाद होतात. त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. उत्तराखंडात असा कायदा २०२४ साली मंजूर झाला. नांदायला बोलावण्याचा दावा त्यातही आहे.