पौल : विरोधी पक्षाचा साक्षीदार

वसतिगृहातला माझा खोलीसोबती ख्रिस्ती. गेल्या ईस्टरला येशूचे पुनरुत्थान ही निव्वळ दंतकथा, असे मी बोलून गेलो. तो रागावला नाही. इतिहासाचा विद्यार्थी आहेस तर आधी पौलाची पत्रे वाच, एवढेच त्याने सुचवले. मला ते लागले, आणि मी वाचायला बसलो.

पौल हा तार्स नगरचा यहुदी, परूशी पंथाचा, धंद्याने तंबू करणारा. क्रुसावर मेलेल्याला मसीहा म्हणणाऱ्यांचा तो छळ करी. दमिष्काच्या वाटेवर त्याला काहीतरी दिसले आणि तोच त्यांचा प्रचारक झाला. प्रेषितांच्या कृत्यांत ही हकीकत तीनदा येते, पण तपशील जुळत नाहीत. एके ठिकाणी सोबत्यांना वाणी ऐकू येते, दुसरीकडे येत नाही. माझ्यातला संशयखोर सुखावला, हे कबूल करतो!

पौलाच्या स्वतःच्या पत्रांनी मात्र ते सुख टिकू दिले नाही. येशूला क्रुसावर दिले ते इ. स. ३० च्या सुमारास. करिंथकरांस पहिले पत्र ५५ च्या आसपासचे. शुभवर्तमाने त्याच्याही नंतरची. उठलेला येशू कोणाकोणाला दिसला याची यादी त्या पत्रात आहे : पेत्र, बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेंहून अधिक माणसे, याकोब आणि शेवटी पौल स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक अद्याप हयात असल्याचे तो नमूद करतो, म्हणजे वाचकाला विचारपूस करायला मोकळीकच. ही यादी त्याने रचलेली नाही. ती आपल्याला मिळाली असे तो सांगतो. मतपरिवर्तनानंतर तीन वर्षांनी यरुशलेमेत तो पेत्रापाशी पंधरा दिवस राहिला, येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला, हे त्याने गलतीकरांना देवाला साक्षी ठेवून कळविले आहे. रिकाम्या कबरीबद्दल मात्र तो स्पष्ट काही लिहीत नाही.

ख्रिस्त उठला नसेल तर सारा उपदेश फोल आणि आपण खोटे साक्षीदार, हा हिशेबही त्यानेच मांडला. पळवाट ठेवली नाही. अथेनैच्या लोकांनी मेलेले उठतात हे ऐकून त्याची थट्टा केली. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्या, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटले. नीरोच्या काळी रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे.

हा माणूस लबाड नव्हता, इतके मी खोलीसोबत्याला कबूल केले आहे. त्याने पाहिले ते नेमके काय, यावर आमचे भांडण रात्री दिवे मालवल्यावरही चालू असते.