लँचेस्टर : गाडीची थरथर पकडणारा माणूस

कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागलात, काटा ८५-९० वर गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. वेग ७० वर आणला की सगळं शांत. गॅरेजमध्ये विचारलं तर एक जण म्हणतो इंजिन माउंटिंग बदला, दुसरा म्हणतो अलाइनमेंट करा. नक्की काय हलतंय, हे अंदाजाने नाही तर हिशोबाने शोधता येतं. गाड्यांच्या बाबतीत हा हिशोब ज्यांनी फार लवकर मनावर घेतला, त्यातलं मोठं नाव म्हणजे फ्रेडरिक लँचेस्टर.

जन्म १८६८, लंडन. वडील आर्किटेक्ट. कॉलेज केलं, पण डिग्री घेतलीच नाही. १८८९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका गॅस इंजिन कारखान्यात नोकरी लागली. १८९५-९६ मध्ये त्यांनी स्वतःची पेट्रोल गाडी बनवली आणि १८९९ मध्ये भावांसोबत कंपनी काढली.

तेव्हाच्या गाड्या इतक्या हलायच्या की बसणाऱ्याचे दात वाजावेत. बहुतेकांनी ते गृहीतच धरलं होतं. लँचेस्टर यांनी मात्र इंजिनात एकाऐवजी दोन क्रँकशाफ्ट बसवले, तेही एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. एकाचा धक्का दुसऱ्याने खाऊन टाकायचा! बनवायला किचकट, पण इंजिन कमालीचं शांत चालायचं. पुढे नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे क्रिकेटवाल्या रणजितसिंहजींनीही लँचेस्टर गाड्या घेतल्या.

त्यांचं सगळ्यात भारी काम १९११ च्या सुमाराचं. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणजे हिशोब बरोबरीत सुटायला हवा. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्यात थोडा जास्त वेगाने पळतो. त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोन हादरे उरतात. लँचेस्टर यांनी दुप्पट वेगाने, उलटसुलट फिरणारे दोन वजनदार शाफ्ट लावून नेमके तेवढेच हादरे मारले. यातली मेख अशी की प्रत्येक थरथरीचा आपला एक आकडा असतो. आकडा कळला की चोर सापडतो.

आता हाच हिशोब आपल्या गाडीला लावू. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. साधारण हॅचबॅकचं चाक एका फेरीत १.९ मीटर जातं, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या. इंजिन २४०० आरपीएमवर असेल तर ते सेकंदाला ४० फेऱ्या मारतं. शेजारी बसलेल्याने फोन सपाट जागी घट्ट ठेवून एक्सेलरोमीटरचं ॲप चालू करावं (फायफॉक्स फुकट आहे). १३ हर्ट्झच्या आसपास टोक दिसलं तर संशय चाकावर. ४० किंवा ८० ला दिसलं तर इंजिनावर. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही, हे सांगायला नकोच. ॲप नसेल तर वेग तोच ठेवून एक गिअर बदला. थरथर तशीच राहिली तर इंजिन बहुतेक निर्दोष.

चाकाचा दोष असेल तर बहुतेक वेळा बॅलन्सिंग. पावसाळ्यात सायन-पनवेल रोडच्या खड्ड्यांत रिमवरचं छोटं वजन उडून जातं. ५० ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो, पण ९० च्या वेगाला तो चाकाला सुमारे साडेसहा किलोच्या जोराने ओढतो, आणि तेही सेकंदाला १३ वेळा. जुन्या फोनच्या व्हायब्रेशन मोटरमध्ये मुद्दाम एका बाजूला जड केलेलं चाक असायचं. हे तसंच, फक्त मोठं. स्टिअरिंग थरथरलं तर आधी पुढची चाकं बघा, सीट थरथरली तर मागची. बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही, तर टायरला फुगा आलाय का, नट ढिले आहेत का, रिम वाकलीय का ते तपासा. फुगा किंवा ढिला नट दिसला तर गाडी हायवेवर नेऊच नका. आणि फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे येत असतील तर डिस्क बघा. डिस्क ब्रेकचं एक सुरुवातीचं पेटंटही लँचेस्टर यांचंच, १९०२ चं. तांब्याचे पॅड असल्यामुळे तो भयंकर किंचाळायचा.

एवढं डोकं असूनही पैशाचं गणित या माणसाला कधी जमलं नाही. १९०४ मध्येच कंपनी अडचणीत आली. १९०९ पासून ते डेमलरचे सल्लागार झाले आणि पुढे स्वतःच्या कंपनीतूनही बाहेर पडले. १९३१ मध्ये ती कंपनी डेमलरच्या मालकांकडे गेली. विमानं, लाउडस्पीकर, युद्धाचं गणित, सगळ्यात त्यांनी हात घातला, रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. पण शेवटच्या वर्षांत पार्किन्सन्स आणि अधू झालेली नजर, त्यात तंगी. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममध्ये ते गेले.

१९७० च्या दशकात मित्सुबिशीने तेच दुहेरी शाफ्ट सुधारून आपल्या इंजिनांत आणले. नंतर पोर्शेने ९४४ साठी त्याचं लायसन्स घेतलं, आणि पैसे भरले ते मित्सुबिशीला.