बर्फातल्या जिवांची नोंदवही

पावसाळा आला की लेप्टोच्या बातम्या येतात. हा आजार ज्या मळसूत्री जंतूंच्या गटामुळे होतो, त्या गटाला ‘स्पायरोकीट’ म्हणतात. हे नाव वैद्यकात आले ते ख्रिस्तियान गॉटफ्रीड एरेनबर्ग या जर्मन डॉक्टरमुळे. खुद्द ‘बॅक्टेरियम’ हा शब्दही त्यांचाच. ग्रीक भाषेतल्या ‘काठी’वरून त्यांनी तो १८२८च्या सुमारास घेतला. त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून साधारण ३०० पट मोठे दिसे, आणि तेवढ्यात बहुतेक जिवाणू म्हणजे हलणारी बारीक रेघ.

एरेनबर्ग यांचा जन्म १८९५चा नव्हे, त्याच्या शंभर वर्षे आधीचा, १७९५चा. गाव लाइपझिगजवळचे डेलिच. आधी धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला, मग ते वैद्यकाकडे वळले. १८१८मध्ये बर्लिनला डॉक्टर झाले तेव्हा प्रबंधाचा विषय मात्र बुरशी हा होता. कुजक्या पदार्थातून बुरशी आपोआप उपजते, असे तेव्हाचे बरेच विद्वान मानत. ती बीजाणूंपासूनच उगवते, हे या तरुणाने दाखवले. आपोआप काही जन्मत नाही, ही खूणगाठ त्यांनी तिथेच बांधली.

१८२०मध्ये ते मित्र डॉ. विल्हेल्म हेम्प्रिख यांच्यासह इजिप्तला गेले. पुढची पाच वर्षे वाळवंट, नाईलचे खोरे आणि तांबड्या समुद्राचा किनारा यांत गेली. सोबतची माणसे आजारांनी एकामागून एक दगावली. १८२५मध्ये मसावा बंदरात हेम्प्रिखही तापाने गेले. प्राणी-वनस्पतींचे हजारो नमुने बर्लिनला पोहोचले, ते गोळा करणाऱ्यांतले फार थोडे.

याच प्रवासात, १८२३मध्ये, सिनाईच्या किनाऱ्यावर त्यांनी समुद्राचे पाणी लालसर झालेले पाहिले. ते भरून घेतले आणि भिंगाखाली धरले. रंग होता बारीक धाग्यांच्या जुड्यांचा. ‘ट्रायकोडेस्मियम’ हे त्यांनी दिलेले नाव आजही चालते. त्यांनी ते शैवाल मानले. आता त्याची गणना सायनोबॅक्टेरियात, म्हणजे जिवाणूंत होते.

१८३८मध्ये ६४ रंगीत चित्रपटांसह त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यात शेकडो सूक्ष्म जीव होते आणि एक मोठी चूकही होती. पाण्यात नीळ आणि कार्माइन हा लाल रंग घालून त्यांनी हे जीव वाढवले, तेव्हा त्यांच्या अंगात रंगीत ठिपके दिसले. एरेनबर्ग यांनी ठरवले की ही पोटे आहेत, एकेका जिवाला अनेक. एवढ्याशा जिवालाही पोट आणि प्रजननाचे अवयव असतील, तर तो आपोआप उपजूच शकत नाही, असा हा तर्क होता. फ्रान्सच्या फेलिक्स द्युजार्दाँ यांनी दाखवले की आत अवयव नाहीत, आहे तो एकसारखा जिवंत रस. द्युजार्दाँ बरोबर होते. एरेनबर्ग यांनी मात्र हे शेवटपर्यंत मानले नाही. निष्कर्ष खरा आणि त्यासाठीचा पुरावा खोटा, असे शास्त्रात अनेकदा होते.

ध्रुवीय नमुने त्यांच्या टेबलावर आले ते या वादानंतर. जेम्स क्लार्क रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत (१८३९-४३) जोसेफ हूकर हे तरुण वैद्य होते. त्यांनी ७८ अंश दक्षिणेच्या आसपासच्या चकत्या-चकत्यांच्या बर्फाचे वितळलेले पाणी आणि समुद्रतळाचा गाळ जपून आणला. तो एरेनबर्ग यांच्याकडे पोहोचला. जिथे झाडाचे पान दिसत नाही, तिथल्या बर्फात त्यांना डायटम सापडले. डायटम म्हणजे काचेसारखे सिलिकाचे कवच असलेली एकपेशीय शैवाले. यात कितीतरी जाती नव्या होत्या. १८४४मध्ये त्यांनी त्यांना नावे देऊन यादी प्रसिद्ध केली. जिवाणू तिथे असले, तरी त्या भिंगात ओळखू येण्यासारखे नव्हते. पण ध्रुवाकडचा बर्फ निर्जीव नाही, हे कागदावर आले.

आज अंटार्क्टिकातला नवा जिवाणू जाहीर करायचा तर त्याची जनुके वाचावी लागतात, आणि जिवंत वाण दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. नुसत्या आकारावरून जात ठरत नाही. एरेनबर्ग यांच्याकडे आकाराखेरीज काहीच नव्हते. त्यामुळे त्यांची अनेक वर्गीकरणे पुढे मोडली. त्यांनी ‘व्हिब्रिओ’ म्हणून नोंदवलेल्या एका जिवाणूला फर्डिनांड कोन यांनी १८७२मध्ये ‘बॅसिलस सबटिलिस’ केले.

उतारवयात त्यांची दृष्टी कमी झाली, तेव्हा मुलगी क्लारा कामात हात देई. १८७६मध्ये ते वारले. अभ्रकाच्या पातळ तुकड्यांवर डिंकासारख्या बाल्समने चिकटवलेले त्यांचे सुमारे ४०,००० नमुने आणि ३,००० चित्रे बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. जुन्या एखाद्या डायटमचे नाव नेमके कशाला दिले होते, असा प्रश्न आला की अभ्यासक ते अभ्रक पुन्हा भिंगाखाली घेतात.