नोबेल यांनी मागे ठेवलेला प्रश्न

दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागल्याची बातमी वाचली की मला आल्फ्रेड नोबेल आठवतात. त्यांच्या नावाचे पारितोषिक नव्हे, तर ज्या प्रश्नाशी ते जन्मभर झुंजले तो प्रश्न.

१८३३ मध्ये स्टॉकहोम येथे जन्मलेल्या नोबेल यांनी तरुणपणीच नायट्रोग्लिसरीनला हात घातला. १८४७ मध्ये इटलीच्या आस्कानिओ सोब्रेरो यांनी शोधलेला हा द्रव साध्या धक्क्यानेही उडे. ३ सप्टेंबर १८६४ रोजी हेलेनेबोर्ग येथील स्फोटात नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर शहराबाहेर, मेलारेन सरोवरातील एका बार्जवर त्यांनी काम चालू ठेवले. सच्छिद्र मातीत हा द्रव जिरवून १८६७ मध्ये त्यांनी डायनामाइटचे पेटंट घेतले. पाऱ्याच्या फल्मिनेटची टोपी उडाल्याखेरीज ते सहसा पेटून उठत नसे. संवेदनशीलता अशी बरीचशी आटोक्यात आली.

काळ मात्र आटोक्यात आला नाही. ओलाव्याने डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरे आणि पाझरलेला थेंब पुन्हा मूळचाच घातकी ठरे. १८७५ च्या जिलेटिनने हा दोष पुष्कळ कमी केला. पुढे १८८७ च्या बॅलिस्टाइटमधला कापूर हळूहळू उडून जाई, हा आक्षेप ब्रिटिश तज्ज्ञांनी घेतला. नायट्रोसेल्युलोजसारखी संयुगे तर कोठारात पडल्यापडल्याच विघटित होत राहतात; त्यातून निघणारे वायू विघटनाला आणखी वेग देतात. हे वायू शोषणारी स्थिरके मिसळली जातात, पण तीही कालांतराने संपतात. १० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे नोबेल निवर्तले, तेव्हा हा प्रश्न शिल्लकच होता.

तो आजही आहे. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात रणगाडाविरोधी सुरुंगांच्या शेडला आग लागली. ती विझवताना अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी प्राणांस मुकले. आपल्याकडे शस्त्रखरेदीची चर्चा संसदेपासून चावडीपर्यंत होते. जुन्या साठ्याची नियतकालिक तपासणी आणि वेळेवर विल्हेवाट यांवरचा खर्च मात्र कुणाच्या भाषणात येत नाही. माझ्या मते संरक्षण सिद्धतेचे मोजमाप तिथूनच सुरू व्हावे. स्फोटकाला आवर घालण्याचे काम संशोधक एकदा करतो; त्याच्या म्हातारपणाची काळजी शासनाला दरवर्षी घ्यावी लागते.