तैलाभिषेकाचे ऋण : फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स

पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात झां फूके या पंधराव्या शतकातील विख्यात चित्रकाराने रंगविलेले एका राजाचे चित्र आहे. चौकटीवरील अक्षरांत त्याला फ्रान्सचा परमविजयी राजा म्हटले आहे. परंतु चित्रातील चेहऱ्यावर विजयाचे तेज शोधूनही सापडत नाही. लांब नाक, बारीक डोळे, मिटलेले ओठ आणि कशाची तरी सतत धास्ती घेतल्यासारखी नजर. हा राजा म्हणजे व्हालवा घराण्यातील सातवा चार्ल्स. शत्रूंनी त्याला बूर्जचा राजा म्हणून हिणविले, विजयानंतर प्रजेने त्याला विजयी म्हटले आणि पुढील पिढ्यांनी त्याला आणखी एक बिरुद दिले : ज्याची उत्तम सेवा झाली असा राजा. या तिसऱ्या बिरुदात गौरव किती आणि ठपका किती, हे त्याचे चरित्र पाहिल्यावरच कळते.

त्याच्या जीवनातील संकटाचे मूळ त्याच्या जन्मापूर्वीच रुजले होते. इ. स. ९८७मध्ये ह्यू कापे गादीवर आला, तेव्हापासून सव्वातीनशे वर्षे फ्रान्समध्ये बापामागून मुलगा हा क्रम अखंड चालू होता. इ. स. १३१६मध्ये दहावा लुई मरण पावला; त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा अवघे पाच दिवस जगला, आणि मुलीला डावलून गादी राजाच्या भावाकडे गेली. इ. स. १३२८मध्ये पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. या वेळी फ्रान्सच्या सरदारांनी मृत राजाच्या चुलतभावाला, व्हालवाच्या फिलिपला राजा केले. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड हा मृत राजाचा सख्खा भाचा. परंतु त्याचा हक्क आईकडून येत होता. स्त्रीला राज्य नाही, तर स्त्रीमार्फतही नाही, असा निर्णय झाला. एडवर्डने तो अखेर मानला नाही आणि त्यातून ज्याला शतवार्षिक युद्ध म्हणतात ते सुरू झाले.

या युद्धाच्या ऐन मध्यावर, २२ फेब्रुवारी १४०३ रोजी, पॅरिसच्या सँ-पोल राजवाड्यात चार्ल्सचा जन्म झाला. सहावा चार्ल्स आणि बव्हेरियाची इझाबो यांचे हे अकरावे अपत्य. पित्याला इ. स. १३९२मध्ये वेडाचा पहिला झटका आला होता. त्यानंतर तो कधी शुद्धीवर असे, कधी स्वतःचे नावही विसरे. आपले शरीर काचेचे आहे आणि स्पर्श होताच ते फुटेल, असेही त्याला वाटे. राजा जिवंत असून राज्य मात्र अनाथ झाले. ती पोकळी भरून काढण्यासाठी राजाचा भाऊ ऑर्लेआंचा लुई आणि चुलतभाऊ बर्गंडीचा जॉन यांच्यात चुरस लागली. इ. स. १४०७मध्ये जॉनच्या मारेकऱ्यांनी लुईला पॅरिसच्या रस्त्यात ठार केले आणि परकीय युद्धाच्या जोडीला यादवी आली.

पाचव्या मुलाने गादीची अपेक्षा करावी असे काही नव्हते. परंतु त्याचे दोन थोरले भाऊ तो जन्मण्यापूर्वीच वारले होते, तिसरा इ. स. १४१५मध्ये, ॲजिनकोर्टच्या दारुण पराभवानंतर दोन महिन्यांच्या आतच गेला आणि चौथा इ. स. १४१७मध्ये. अशा रीतीने चौदाव्या वर्षी चार्ल्स युवराज झाला. आँजू घराण्यातील मारीशी त्याचा विवाह ठरला होता आणि तिची आई, योलांद ही करारी स्त्री, त्याला खऱ्या अर्थाने वाढवीत होती. इ. स. १४१८च्या मे महिन्यात बर्गंडीच्या पक्षाने रात्री पॅरिसमध्ये प्रवेश केला, तेव्हा शहराचा कोतवाल तान्गी द्यु शातेल याने युवराजाला शिताफीने बाहेर काढले. पॅरिस सुटले ते एकोणीस वर्षांसाठी.

पुढच्याच वर्षी त्याच्या आयुष्यावर कायमचा डाग पडला. इंग्रजांचे आक्रमण थोपवावयाचे तर बर्गंडीशी समेट हवा होता. १० सप्टेंबर १४१९ रोजी माँतेरो येथील पुलावर दोन्ही पक्षांची भेट ठरली. बोलणी चालू असतानाच युवराजाच्या माणसांनी जॉनवर घाव घातले आणि तो जागीच मरण पावला. सोळा वर्षांच्या चार्ल्सला या कटाची पूर्वकल्पना होती की नाही, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परिणाम मात्र स्पष्ट होता. जॉनचा मुलगा फिलिप सूडाने पेटून थेट इंग्रजांना जाऊन मिळाला.

२१ मे १४२० रोजी त्र्वा नगरात तह झाला. वेड्या राजाने आपली मुलगी कॅथरीन इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला द्यावी. स्वतः मरेपर्यंत राजा राहावे. परंतु राज्यकारभार तत्काळ हेन्रीकडे जावा आणि पुढे गादीही त्याच्याच वंशाकडे जावी, असे ठरले. तहाच्या कलमांत सख्ख्या मुलाचा उल्लेख तथाकथित युवराज असा आला आणि त्याच्या घोर अपराधांचा दाखला देण्यात आला. बापाच्या नावाने मुलाला बेवारस करणारा हा दस्तऐवज होता आणि त्याला आईची संमती होती.

तथाकथित या एका शब्दाने पुढे फार मोठा अनर्थ केला. तहात चार्ल्सच्या जन्माविषयी अवाक्षर नव्हते. आरोप होता तो खुनाचा. परंतु लोकापवादाला कलमांची गरज नसते. इझाबो राणी आणि तिचा दीर ऑर्लेआंचा लुई यांच्या संबंधांविषयी कुजबूज होतीच. तीत भर पडून युवराज मुळी राजाचा पुत्रच नव्हे, अशी वदंता पसरली. आधुनिक इतिहासकारांनी साधने तपासून राणीवरील हा आरोप राजकीय प्रचाराचा भाग असल्याचा निष्कर्ष काढला आहे. यातला दैवदुर्विलास असा की, लुईचा एक खराखुरा अनौरस पुत्र, पुढे द्युन्वाचा काउंट म्हणून गाजलेला झां, ऑर्लेआंचा अनौरस ही उपाधी उजळ माथ्याने मिरवीत चार्ल्सच्याच बाजूने लढत होता. सेनापतीला जे भूषण होते, त्याची नुसती शंकाही युवराजाला राज्यास मुकविण्यास पुरेशी होती.

चार्ल्सच्या बाजूने कायदेपंडितही उभे राहिले. झां द तेरव्हेर्मेय या दक्षिणेकडील पंडिताने त्याच सुमारास असे प्रतिपादन केले होते की, राजमुकुट ही राजाची खाजगी मालमत्ता नव्हे. शेतकरी आपले शेत विकू शकतो, कारण ते त्याचे असते. राजा राज्याचा केवळ धारक असतो. म्हणून ते दान देण्याचा, विकण्याचा किंवा ज्येष्ठ पुत्राला त्यापासून वंचित करण्याचा अधिकार त्याला नाही. राज्य हे राजाहून मोठे आहे, हा विचार येथे स्पष्टपणे पुढे आला. पण विद्वानांच्या युक्तिवादाने किल्ले सर होत नाहीत.

इ. स. १४२२मध्ये पाचवा हेन्री आणि सहावा चार्ल्स दोन महिन्यांच्या अंतराने निवर्तले. पॅरिसमध्ये हेन्रीच्या दहा महिन्यांच्या मुलाच्या नावाने द्वाही फिरली. बूर्जजवळच्या मेअं येथील वाड्यात चार्ल्सच्या मोजक्या अनुयायांनी त्याला राजा घोषित केले. त्याच महिन्यात ला रोशेल येथे सभा भरली असता दालनाची तक्तपोशी कोसळून अनेक माणसे दगावली. चार्ल्स थोडक्यात बचावला. पूल आणि लाकडी तक्तपोशी यांची धास्ती त्याने जन्मभर बाळगली, असे समकालीन सांगतात. स्वतःच्या जन्माचीच खात्री नसलेल्या माणसाला पायाखालच्या फळीची खात्री कोठून वाटणार? इ. स. १४२४मध्ये व्हेर्नयच्या लढाईत त्याचे सैन्य कापले गेले. इ. स. १४२८मध्ये इंग्रजांनी ऑर्लेआंला वेढा दिला, तेव्हा सर्वस्व संपल्यासारखेच झाले.

अशा वेळी, इ. स. १४२९च्या वसंतारंभी, लोरेनच्या सीमेवरील दोंरेमी गावची सतरा वर्षांची एक शेतकरीकन्या पुरुषवेषात शिनाँच्या किल्ल्यात आली. तीच जोन ऑफ आर्क. दरबारी लोकांच्या गर्दीत साध्या वेषात उभ्या असलेल्या राजाला तिने अचूक ओळखले, असे परंपरा सांगते. एकांतात ती काय बोलली हे कोणालाच ठाऊक नाही. परंतु तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता, असे पाहणाऱ्यांनी नोंदविले आहे. तो खऱ्या राजाचा खरा पुत्र असल्याची ग्वाही तिने दिली असावी, हा तर्क फार जुना आहे. प्वात्ये येथे धर्मपंडितांनी तिची कसून परीक्षा घेतली आणि ८ मे १४२९ रोजी ऑर्लेआंचा वेढा उठला.

सेनापतींना आता नॉर्मंडीकडे जावयाचे होते. जोनचा आग्रह रीम्सचा होता. त्या खेडवळ मुलीला जे समजले ते मुत्सद्द्यांना उमगले नव्हते. पाचव्या शतकात क्लोव्हिस राजाच्या बाप्तिस्म्यासाठी कबुतराने स्वर्गातून आणलेले पवित्र तैल रीम्सच्या मठातील कुपीत आहे, आणि त्याचा अभिषेक झाल्यावाचून राजा पुरता राजा होत नाही, ही प्रजेची श्रद्धा होती. वाटेत जेथे तह झाला होता त्या त्र्वा नगराने चार दिवसांच्या प्रतिकारानंतर दरवाजे उघडले. १७ जुलै १४२९ रोजी रीम्सच्या भव्य चर्चमध्ये अभिषेक झाला. परंपरागत मुकुट शत्रूच्या ताब्यातील सँ-दनी मठात अडकला होता. दुसऱ्याच मुकुटावर भागवावे लागले. पण तैल खरे होते. जोन आपला ध्वज घेऊन वेदीजवळ उभी होती.

पुढच्याच वर्षी २३ मे रोजी काँप्येन्य येथे ती बर्गंडीच्या सैनिकांच्या हाती सापडली. दहा हजार लिव्रांना इंग्रजांनी तिला विकत घेतले. त्र्वाच्या तहाच्या वाटाघाटींत भाग घेतलेला बिशप पिएर कोशों हाच तिचा न्यायाधीश झाला. खटल्याचा खरा रोख तिच्यावर नव्हता, राजावर होता. ती पाखंडी ठरली, तर तिच्या हाताने घडलेला अभिषेकही अपवित्र ठरत होता. ३० मे १४३१ रोजी रूआंच्या बाजारचौकात तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्या सुटकेसाठी चार्ल्सने द्रव्य देऊ केल्याचा ठोस पुरावा मिळत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी आपल्या दहा वर्षांच्या राजाचा पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये राज्याभिषेक उरकला. रीम्सला उत्तर म्हणून केलेला तो सोहळा लोकांच्या मनाला भिडला नाही.

बर्नार्ड शॉच्या 'सेंट जोन' या नाटकामुळे आपल्याकडील वाचकांच्या मनात चार्ल्सची दुबळ्या, पोरकट राजपुत्राची प्रतिमा ठसली आहे. ती त्याच्या तारुण्यापुरती काही अंशी खरी असली, तरी उत्तरायुष्याला लागू पडत नाही. इ. स. १४३५च्या आरासच्या तहात माँतेरोच्या खुनाबद्दल प्रायश्चित्त करण्याची अपमानास्पद अट पत्करून त्याने बर्गंडीला आपल्याकडे वळविले. इ. स. १४३६मध्ये पॅरिस परत मिळाले. इ. स. १४४५मध्ये त्याने नियमित वेतन घेणारी कायम घोडदळाची पथके उभारली. लुटारू टोळ्यांच्या जागी राज्याचे सैन्य आले आणि त्याच्या खर्चासाठी ताय हा कर नियमित झाला. ब्यूरो बंधूंनी तोफखाना सिद्ध केला. झाक कर या धनाढ्य व्यापाऱ्याने नॉर्मंडीच्या मोहिमेला पैसा पुरविला. इ. स. १४५०पर्यंत नॉर्मंडी मुक्त झाली. १७ जुलै १४५३ रोजी, अभिषेकाला बरोबर चोवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, कास्तियाँच्या रणांगणात तोफांनी इंग्रजांचा निर्णायक पराभव केला. त्यांच्याकडे उरले एकटे कॅले. त्याच वर्षी इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीचे मन बधिर झाले. त्र्वाच्या तहाने आजोबांचा मुकुट देऊ केला होता. प्रत्यक्षात बहुधा त्यांची व्याधीच वारशाने आली.

दरम्यान झाक करला मात्र इ. स. १४५१मध्येच खोट्या-नाट्या आरोपांखाली अटक होऊन त्याची संपत्ती जप्त झाली होती. चार्ल्सची सेवा उत्तम होत असे. त्या सेवेची परतफेड मात्र क्वचितच होई.

एक ऋण तरी फेडणे त्याला भाग होते. रूआं हाती येताच, १५ फेब्रुवारी १४५० रोजी, जोनच्या खटल्याची चौकशी करण्याचा आदेश त्याने दिला. खटल्याची कागदपत्रे तोवर शत्रूच्या शहरात होती, हे त्याच्या विलंबाचे एक समर्थन. पाखंडी स्त्रीने राज्य मिळवून दिले हा कलंक पुसणे त्याच्याच हिताचे होते, ही दुसरी बाजू. खुद्द राजाने वादी होणे इष्ट नव्हते; म्हणून दावा जोनच्या वृद्ध आईच्या, इझाबेल रोमेच्या नावाने पोपपुढे गेला. ७ नोव्हेंबर १४५५ रोजी ती नोत्र-दाममध्ये उभी राहिली. ज्या ठिकाणी चोवीस वर्षांपूर्वी परक्या बालराजाला मुकुट घातला गेला होता, तेथेच एका शेतकरणीने आपल्या मुलीसाठी न्याय मागितला. साक्षीदारांत द्युन्वा होता, तसेच दोंरेमीचे साधे गावकरीही होते. ७ जुलै १४५६ रोजी जुना निकाल रद्द झाला. जोनची अप्रतिष्ठा गेली आणि तिच्याबरोबर राजाच्या अभिषेकावरील किल्मिषही गेले.

अखेरची वर्षे सुखाची नव्हती. थोरला मुलगा लुई बंडखोर निघाला आणि इ. स. १४५६मध्ये बर्गंडीच्याच आश्रयाला गेला. जबड्याच्या विकाराने जर्जर झालेल्या, मुलगा विषप्रयोग करील या भयाने ग्रासलेल्या चार्ल्सला अखेरीस अन्नही जाईना. २२ जुलै १४६१ रोजी, जेथे त्याला प्रथम राजा म्हणून घोषित केले होते त्याच मेअंच्या वाड्यात, त्याचा अंत झाला. इंग्लंडच्या राजांनी फ्रान्सचा राजा ही पोकळ पदवी मात्र इ. स. १८०१पर्यंत सोडली नाही.

चार्ल्सच्या जन्माला आईची साक्ष हवी होती, ती त्याला मिळाली नाही; उलट तिने त्याच्याविरुद्धच्या तहाला संमती दिली. जोनकडे गमावण्यासारखे राज्य नव्हते. परंतु तिच्यासाठी तिची आई मरणोत्तरही साक्षीला उभी राहिली. रक्ताने, कायद्याने, तैलाने आणि तोफांनी सिद्ध झालेल्या राजाची वैधता अखेर एका खेडवळ मातेच्या अर्जावर पूर्ण व्हावी, यातच त्या उत्तम सेवा लाभलेल्या राजाच्या बिरुदाचा खरा अर्थ आहे.