मोलोकाईचे संत डेमियन



दुसऱ्याला मदत करणे वेगळे आणि दुसऱ्याचे होऊन राहणे वेगळे. मदत लांबूनही करता येते. ज्यांनी लांब राहणे नाकारले, अशा एका धर्मगुरूचे जीवन आज आपण पाहू या.

डेमियन यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील त्रेमेलो गावी शेतकरी कुटुंबात झाला. थोरल्या भावापाठोपाठ तेही संन्यस्त झाले. भाऊ मिशनकार्यासाठी हवाई बेटांवर जाणार होता. पण तो आजारी पडला आणि त्याच्या जागी डेमियन निघाले. १८६४ साली ते होनोलुलूला पोहोचले व त्याच वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. १८६६ पासून सरकार कुष्ठरुग्णांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटाच्या एका टोकाला पाठवत असे. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उंच कडा. तिथे गेलेला माणूस परत येत नसे. तिथे जाण्याची आज्ञा कोणाला करावी, हे बिशपांच्या जिवावर आले होते. चार धर्मगुरू आपणहून पुढे आले. त्यांनी आळीपाळीने जावे असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ रोजी ते तिथे उतरले आणि लवकरच त्यांनी कायम राहण्याची परवानगी मागितली.

सुरुवातीच्या रात्री त्यांनी देवळाजवळच्या झाडाखाली काढल्या. पुढे त्यांनी घरे बांधली, पाणी आणले, जखमा बांधल्या, शवपेट्या केल्या, खड्डे खणले. रुग्णांना शिवू नये असे त्यांना बजावण्यात आले होते. पण ते त्यांच्याबरोबर एकाच भांड्यातून जेवत. ते हट्टी होते, चटकन रागावत. वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत. संतही आपल्यासारखीच माणसे असतात. एकदा त्यांचे वरिष्ठ बोटीने आले, पण डेमियन यांना बोटीवर चढू दिले नाही. तेव्हा त्यांनी खाली होडीतूनच, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात आपले कुमसार केले.

पहिल्याच वर्षापासून प्रवचनात ते रुग्णांना तुम्ही म्हणत नसत. स्वतःला त्यांच्यात धरून आपण म्हणत. तेव्हा ते धडधाकट होते. ११ वर्षांनी, १८८४ च्या डिसेंबरमध्ये, कढत पाण्यात पाय घातला तरी त्यांना चटका जाणवला नाही. रोग अंगात शिरला होता. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्यातील सोमवारी, वयाच्या ४९ व्या वर्षी ते प्रभूकडे गेले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आज कुष्ठरोग औषधाने बरा होतो. माणसाला वेगळे काढण्याची आपली सवय मात्र बरी झालेली नाही. अंथरुणाला खिळलेले आजोबा, मनाच्या आजाराने कोंडून घेतलेली मुलगी, दारूमुळे बदनाम झालेले कुटुंब, यांच्याविषयी बोलताना आपण सहज ‘ती माणसे’ म्हणतो. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘माझा’ हा शब्द कुठेच नाही, आणि मिस्सामध्ये आपण सारे एकाच भाकरीत सहभागी होतो.

या आठवड्यात अशा एका घरी आपण जाऊ या. काही न्यायलाच हवे असे नाही. घटकाभर बसू या, त्यांच्या हातचा चहा घेऊ या.