तालमीतली तसबीर : गामा पैलवान

आमच्या गावच्या तालमीत शिरले की समोर शेंदूर लावलेला मारुती दिसतो आणि त्याच्या उजव्या हाताला, भिंतीवर, एक जुनी तसबीर. काच एका कोपऱ्यात तडकलेली, कागद पिवळा पडलेला. जाड मान, रुंद छाती, भरदार मिशा आणि खांद्यावर गदा. लहानपणी मला वाटे, हा आपल्याच गावचा कोणी जुना पैलवान असावा. एकदा आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, विचारले. ते हसले आणि म्हणाले की हा गामा. पंजाबातला मुसलमान पैलवान. पण हौद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा तो आजा लागतो.

गामा हे नाव तसे आपल्या बोलण्यात रोज येते. कोणी उगाच दंड दाखवू लागला की, तू काय गामा लागून गेलास काय, असे आपण सहज विचारतो. पण हा गामा होता कोण, जगला कसा आणि त्याचे शेवटी काय झाले, हे विचारले तर आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येईल. गेल्या दिवाळीपर्यंत मलाही येत नव्हते.

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एक पेच पडला. माझा थोरला भाऊ गावच्या तालमीत घडलेला. जत्रेच्या फडात त्याने बऱ्याच कुस्त्या मारल्या आहेत. आता त्याच्या मनाने घेतले आहे की माती सोडायची आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणून जो जाळीच्या पिंजऱ्यातला खेळ निघाला आहे, त्यात व्यावसायिक म्हणून उतरायचे. त्यात कुस्ती असते, ठोसे असतात, लाथा असतात आणि जिंकणाऱ्याला पैसाही असतो. आईने रडून घेतले. वडील गप्प बसले. आबांनी एवढेच सांगितले की धाकटी कॉलेजात शिकते आहे, तिला विचारा. मी कला शाखेची विद्यार्थिनी. मला कुस्तीतले काय कळणार? पण जबाबदारी अंगावर पडली, म्हणून शरीराच्या बळावर पोट भरणाऱ्या माणसाचे आयुष्य कसे जाते ते शोधू लागले, आणि शोधता शोधता त्या तसबिरीपाशी येऊन पोचले.

गामाचे खरे नाव गुलाम मुहम्मद. जन्म १८७८ सालचा. घराणे काश्मिरी मुळाचे आणि पिढीजात पैलवानांचे. वडील अझीझ बक्ष हेही पैलवानच. पण गामा पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे आजोळच्या मंडळींनी मुलाला वाढवले आणि वडिलांची विद्या त्याच्या अंगात उतरावी म्हणून त्याला आखाड्यात घातले. आपल्याकडे बाप गेलेल्या मुलाला लोक कामाला लावतात. या मुलाला जोर-बैठकांना लावले. तेच त्याचे काम झाले.

१८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा भरवली. देशातले ४०० हून अधिक पैलवान जमले होते. त्यात हा दहा वर्षांचा पोर उभा राहिला. एकेक पैलवान थकून बाजूला होत गेला आणि शेवटी जे १५ जण उरले त्यांत हा होता. महाराजांनी त्याच्या वयाकडे पाहून त्यालाच विजयी ठरवले. त्यानंतर दतियाच्या राजांनी त्याला आपल्या आश्रयाला घेतले आणि त्याच्या खुराकाची व मेहनतीची सोय लागली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी पैलवानाचा पगार, दूध, तूप, बदाम, मांस, राहण्याची जागा, सारे संस्थानिकाच्या खजिन्यातून येई. पैलवान हा दरबाराचा दागिना होता. आपल्याकडे कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी हेच केले. त्यांनी उत्तरेकडचे मल्ल आणले, तालमी उभारल्या, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून झाले. त्या मैदानाच्या आरंभीच्या कुस्त्यांत गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष लढला होता. म्हणजे तसबिरीतला हा माणूस आपल्याला वाटतो तितका परका नाही.

गामाच्या मेहनतीचे आकडे ऐकले की भोवळ येते. रोज ५००० बैठका आणि ३००० जोर, असे सांगतात. बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात एक अजस्र दगड आहे. १९०२ साली गामाने तो उचलला असा लेख त्यावर आहे. त्याचे वजन १२०० किलो सांगतात. एवढे वजन माणूस खरोखर उचलू शकेल काय, अशी शंका आपल्याला यावी आणि आली तर त्यात पाप नाही. मोठ्या माणसाभोवती दंतकथेची वेल चढतेच. मात्र पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सुमारे ९५ किलोची एक गोल चकती जपून ठेवली आहे. ती घेऊन गामा बैठका मारी. ही गोष्ट दगडापेक्षा लहान आहे, पण मला ती अधिक मोलाची वाटते. दगड एकदा उचलायचा असतो. चकती मात्र रोज पहाटे घ्यावी लागते.

तरुणपणी गामाची गाठ रहीम बक्ष सुलतानीवाला याच्याशी पडली. रहीम जवळजवळ ७ फूट उंच, गामा साडेपाच फुटांहून थोडा अधिक. लोकांना वाटले, रहीम याला उचलून फेकून देईल. पण कुस्ती बरोबरीत सुटली आणि त्या दिवसापासून हिंदुस्थानभर गामाचे नाव झाले. पुढे कित्येक मल्ल त्याने चीत केले. एक रहीम तेवढा बाकी राहिला.

१९१० साली बंगालचे शरत्कुमार मित्र यांच्या मदतीने गामा आणि इमामबक्ष विलायतेला गेले. लंडनला तेव्हा व्यावसायिक कुस्तीचा मोठा बाजार होता. पण गामाची उंची कमी म्हणून त्याला तिथल्या स्पर्धेत घेईनात! तेव्हा त्याने जाहीर आव्हान दिले : कोणत्याही वजनाचे कोणतेही तीन पैलवान मी ३० मिनिटांत पाडून दाखवतो. लोकांना ही नुसती जाहिरातबाजी वाटली. हॅकेनश्मिट आणि फ्रँक गॉच या त्या काळच्या अव्वल मल्लांनाही त्याने बोलावले. ते काही आले नाहीत. आला तो अमेरिकेचा डॉक्टर बेंजामिन रोलर. ऑगस्ट महिन्यात गामाने त्याला थोड्याच मिनिटांत दोनदा चीत केले. तिकडे इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला पाडले. दोन सावळ्या भावांकडे लंडन आता निराळ्या नजरेने पाहू लागले.

मग १० सप्टेंबर १९१० ची ती प्रसिद्ध कुस्ती झाली. समोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. वजनाने गामापेक्षा कितीतरी भारी, युरोपात गाजलेला. बक्षीस २५० पौंड आणि जॉन बुल पट्टा. सलामी झाली आणि गामाने पहिल्याच मिनिटात त्याला खाली घेतले. पण झिबिस्को पोटावर पालथा पडला आणि गादीला चिकटून राहिला. गामा त्याला उलटवायचा प्रयत्न करी आणि तो घोरपडीसारखा धरून बसे. अडीच तासांहून अधिक वेळ हेच चालले! पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या शनिवारी, १७ तारखेला, पुन्हा लढायचे ठरले. गामा आला, झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

देश पारतंत्र्यात असताना लंडनमध्ये जाऊन एका हिंदी माणसाने हा पट्टा आणला, याचे मोल आज आपल्याला पुरते कळणार नाही. ज्यांच्या राज्यात हिंदी माणूस दुबळा मानला जाई, त्यांच्याच राजधानीत हे घडले होते. गामाने कधी सभा गाजवली नाही की भाषण केले नाही. त्याने एक माणूस गादीवर दाबून धरला आणि त्या काळी तेवढे पुरे होते.

परत आल्यावर अलाहाबादला रहीम बक्षशी शेवटची कुस्ती झाली. ती मोठी अटीतटीची झाली आणि अखेर गामा जिंकला. तो रुस्तुमे-हिंद ठरला. म्हातारपणी गामाला सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण, असे विचारत तेव्हा तो रहीमचेच नाव घेई, असे सांगतात. ज्याने आपल्याला घाम फोडला त्याला न विसरणे ही तालमीची रीत आहे.

पुढे पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी त्याला आश्रय दिला आणि त्यांनीच जानेवारी १९२८ मध्ये झिबिस्कोला पुन्हा बोलावले. मधल्या काळात पश्चिमेकडच्या व्यावसायिक कुस्त्यांत निकाल आधीच ठरू लागले होते. आपल्याकडे ज्याला नुरा कुस्ती म्हणतात तोच प्रकार. या झिबिस्कोनेच १९२५ साली वेन मन नावाच्या मल्लाला, आधी ठरलेले बाजूला ठेवून, खरोखर पाडले होते आणि साऱ्या धंद्याची पंचाईत केली होती. असा हा खरी कुस्ती जाणणारा, पण वयाने पन्नाशीला टेकलेला मल्ल पतियाळाला आला. गामाही पन्नाशीच्या उंबरठ्यावरच होता. हजारोंचा समुदाय जमला. लंडनला जे अडीच तासांत झाले नव्हते ते पतियाळाला एका मिनिटाच्या आत झाले. झिबिस्को चीत! महाराजांनी गामाला चांदीची गदा दिली. पुढच्याच वर्षी जेसी पीटरसन आला. तोही दीडएक मिनिटात गेला. त्यानंतर लढायला कोणी उरलेच नाही.

चरित्र येथे संपले असते तर तसबीर पुरी झाली असती. पण माणसाचे आयुष्य कुस्तीपेक्षा लांब असते.

गामाचे मुलगे अल्पवयात गेले. ज्याने जगातले मल्ल उचलले त्याने स्वतःची मुले खांद्यावरून नेली. १९४७ साली फाळणी झाली. गामा लाहोरात होता. आपल्या गल्लीतल्या हिंदू कुटुंबांना त्याने त्या दिवसांत संरक्षण दिले, अशी आठवण त्याच्या घराण्यात सांगतात. फाळणीनंतर संस्थाने विलीन झाली आणि पैलवानाला पोसणारा दरबारच नाहीसा झाला. जी ताकद राजाच्या दुधा-तुपावर उभी होती तिला नव्या राज्यात कोणी विचारीना. शरीर थकले, दम्याने आणि हृदयविकाराने गाठले. औषधपाण्यासाठी मिळवलेली बक्षिसे विकण्याची पाळी आली, असे अनेकांनी नोंदवून ठेवले आहे. सीमेच्या अलीकडून उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी त्याला रोख मदत दिली आणि दरमहा ३०० रुपये सुरू केले. दोन देशांचे वैर होते, पण गामा कोणाचा हे त्या पैशाने विचारले नाही. २३ मे १९६० रोजी लाहोरात तो गेला.

त्याचा आखाडा भाच्या-पुतण्यांनी चालवला. इमामबक्षचे मुलगे भोलू, अस्लम, अक्रम हे नामांकित मल्ल झाले. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत अक्रम जपानच्या अंतोनिओ इनोकीशी लढला. हा इनोकी त्याच वर्षी जूनमध्ये मुष्टियोद्धा मुहम्मद अलीशी लढला होता. ती लढत म्हणजे निरनिराळ्या विद्यांचे दोन पटाईत समोरासमोर आणण्याचा प्रयोग होता, आणि आजच्या मिश्र खेळाची एक वाट तिथून निघाली. कराचीच्या लढतीत अक्रमचा हात निकामी झाला. आणि ब्रूस लीने स्वतःच्या व्यायामात गामाच्या जोरांची पद्धत घेतली होती म्हणतात. म्हणजे दादाला जो पिंजरा नवा वाटतो त्याच्या एका खांबाला तालमीतली माती लागलेली आहेच.

हे सारे मी दादाला सांगितले. हौद्याच्या कठड्यावर बसून तो ऐकत होता. लंडनची कुस्ती आली तेव्हा त्याचे डोळे चमकले. शेवटच्या वर्षांची गोष्ट आली तेव्हा त्याने मान खाली घातली. मी त्याला जा म्हटले नाही आणि जाऊ नको असेही म्हटले नाही. एवढेच विचारले की गामामागे राजा होता, तरी शेवटी त्याचे असे झाले. तुझ्यामागे कोण आहे? आणि गुडघा गेला तर दुसऱ्या दिवशी तू काय करशील?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला, पंचाने तसबिरीची काच पुसली आणि मला म्हणाला की अर्धे राहिलेले बी.ए. पुरे करायचा अर्ज कोठे मिळतो ते बघून ठेव; पिंजऱ्याचे त्यानंतर बघू. आबा दारात उभे होते. त्यांनी काही ऐकले नाही असे दाखवले.

अर्ज मी आणून दिला आहे. दादा अजून पहाटे चारला तालमीत जातो आणि दुपारी पुस्तक उघडतो. पुढे तो काय ठरवील ते मला माहीत नाही. पण आता कोणी सहज, गामा लागून गेलास काय, असे म्हटले की मला गदा आठवत नाही. ती ९५ किलोची चकती आठवते आणि लाहोरातला तो आजारी म्हातारा आठवतो. बलवान माणसाला आपण मैदानात टाळ्या देतो. मैदान रिकामे झाल्यावर त्याला काय देतो, हा प्रश्न गामा आपल्यापुढे ठेवून गेला आहे. तालमीतली तसबीर पुसताना निदान तेवढे तरी आठवावे.